रॉकेटवरचं बोरन्हाण

"ज्या जागेत शिरायला तिकीट लागतं, तिथे घरचं कार्य करू नये," असं प्रेमलाबाईंनी आपल्या सुनेला संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, उरलेले तिळाचे लाडू डब्यात भरता भरता बजावलं होतं. मुग्धाने ते कानाआड केलं. म्हणजे अगदी ऐकलंच नाही असं नव्हे. सुनेने ऐकावं तेवढं ऐकलं, "हो आई" म्हणाली आणि मोबाइलवर पार्कवाल्यांचा नंबर शोधायला लागली.

कार्य होतं शमिकाच्या बोरन्हाणाचं. पाच वर्षांच्या आतल्या मुलांचं करतात, आणि शमिकाला येत्या आषाढात पाच पुरी व्हायची होती. तेव्हा हे शेवटचं. आधीची सगळी ओरछा गेटच्या घरातच झाली आणि शमिकाने ती आपल्या पद्धतीने साजरी केली होती. पहिल्या खेपेला डोक्यावर बोरं पडताच तिने असा सूर लावला की खालच्या मजल्यावरचे दुबेजी अनवाणी वर धावत आले. पुढच्या खेपेला ती पलंगाखाली शिरली. बायकांना ओणवं होऊन, कमरेवर हात ठेवून, पलंगाखाली बोरं सोडावी लागली. गेल्या वर्षी तर कुणी मूठ उचलायच्या आधीच रडून मोकळी झाली. "ॲडव्हान्समध्ये रडून घेतलं," हृषीकेश म्हणाला. हृषीकेश म्हणजे शमिकाचा बाप. तो विमा कंपनीत आहे, त्यामुळे त्याला सगळ्याचा हप्ता दिसतो.

"पोर भित्री आहे हो," असा निकाल झाशीतल्या मराठी घरांमधून लागला. मराठी घरं इथे मोजकीच, पण निकाल लागायला तेवढी पुरतात. आणि झाशीत राहून भित्री असणं ही साधी गोष्ट नाही. इथे चौकात घोडा दोन पायांवर उभा, वर तलवार उपसलेली, पाठीला मूल बांधलेलं. येणारेजाणारे तलवारीकडे बघतात. मुग्धाचं लक्ष मात्र लग्न होऊन मूल झाल्यापासून त्या पाठीवरच्या गाठीकडे जाई. गाठ नीट बसली आहे ना? घोडा एवढा उभा राहिल्यावर पोर मागे ओघळणार नाही ना?

शमिकाकडे ही भीती आली कुठून, याचा तपास मुग्धाने केला होता आणि तो सासरच्या बाजूला नेऊन थांबवला होता. कारण ती स्वतः, लहानपणी, झुल्यावरून उतरायला तयार नसलेली मुलगी होती. तिचे वडील तेव्हा मऊरानीपुरला बँकेत होते. दर सुट्टीत ते तिला बसने झाशीला आणत, ते एवढ्यासाठीच. बिजौलीच्या बाजूला, कारखान्यांच्या भिंती संपतात तिथे तो पार्क आहे. त्याचं नाव लिहून उपयोग नाही. हे तुम्ही वाचेपर्यंत बदललेलं असेल.

मुग्धाच्या डोळ्यांदेखत त्या पार्काचे बरेच जन्म झाले. सगळ्यात आधी तो राजदरबार होता. दाराशी भरघोस मिशांचे सिमेंटचे द्वारपाल, आत अंबारीचा हत्ती, त्याच्या सोंडेवरून घसरत खाली यायचं. ती बारावीत असताना तिथे जंगल आलं. द्वारपालांच्या मिशा खरवडून त्यांना आदिमानव करण्यात आलं आणि अंबारीचं मचाण झालं. कॉलेजात असताना बर्फाची नगरी आली. बाहेर मे महिना, डांबर वितळतंय, आणि आत चुना मारलेला पांढराशुभ्र हत्ती आणि गळ्यात मफलर घातलेले द्वारपाल. आता तिथे अंतराळ आहे. हत्तीला चंदेरी रंग देऊन कानांवर अँटेना बसवल्या आहेत. द्वारपाल अंतराळवीर झाले आहेत, पण मागून पाहिलं तर त्यांच्या धोतराचा काष्टा अजून दिसतो.

पुष्कळ लोक असं काही बदललं की उसासे टाकतात. मुग्धाला उसासे येत नसत, तिला कुतूहल वाटे. जुना पार्क जातो कुठे? एकदा कुणी बघत नाही असं पाहून तिने नखाने हत्तीचा पाय खरवडला होता. चंदेरीखाली पांढरा, पांढऱ्याखाली हिरवा, आणि सगळ्यात खाली दरबारी शेंदरी. म्हणजे कुठे गेला नव्हता. आतच होता, नुसता अंग चोरून. बर्फाच्या काळात सात वर्षांच्या असलेल्या मुलांना तो हत्ती पांढराच खरा वाटत असणार. आज सात वर्षांच्या असलेल्या मुलांना हत्तीला अँटेना असतात असंच वाटत असणार, आणि उद्या खरा हत्ती बघून ती म्हणणार, याचं काहीतरी तुटलंय. या विचारात मुग्धा कितीही वेळ रमू शके.

एक बदल मात्र तिला नीट कळत नव्हता. लहानपणी या पार्कात आल्यावर तिला झुले दिसत. आता पाट्या दिसतात. कमी उंचीच्या मुलांनी बसू नये. हृदयविकाराच्या रुग्णांनी बसू नये. स्वतःच्या जबाबदारीवर बसावे. दरबार गेला, जंगल गेलं, बर्फ गेलं, पण ही शेवटची पाटी पहिल्यापासून तिथेच आहे म्हणतात. तिने ती कधी वाचली नव्हती इतकंच.

तर मुग्धाने ठरवलं की शमिकाचं शेवटचं बोरन्हाण इथे करायचं. घरात चार भिंती, चहूकडून बायका आणि मधोमध पाट. घाबरेल नाही तर काय? मोकळ्या जागी, झुल्यावर, वारा खात पोर एकदा तरी हसेल. तिला दुसरं काही नको होतं. फक्त जिथे बाकीची मुलं हसतात तिथे आपली मुलगी एकदा मोठ्याने हसावी. पाच वर्षं पुरी झाल्यावर पुन्हा बोरन्हाण नाही, आणि भित्री हे नाव एकदा अंगाला चिकटलं की ते रंग देऊन झाकता येत नाही.

पार्काचे मॅनेजर कौशिकजी सभ्य गृहस्थ होते. स्वेटरवर टाय लावून बसत. त्यांनी संगणक उघडला.

"किस टाइप का फंक्शन है, मैडम? बर्थडे, प्री-वेडिंग, किटी पार्टी, स्कूल पिकनिक?"

"बोरन्हाण."

कौशिकजींनी पडद्यावरची यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. "ये तो इसमें नहीं है। होता क्या है?"

"बच्चे के सिर पर बेर डालते हैं।"

"क्यों?"

हा प्रश्न मुग्धाला आजवर कुणी विचारला नव्हता. बी.एस्सी.ला तिला पहिला वर्ग होता, पण हा भाग अभ्यासक्रमात नव्हता. "वो... मौसम बदलता है ना। बच्चे की तबीयत के लिए अच्छा रहता है।"

"सिर पर बेर गिरना?"

"साथ में मुरमुरे भी होते हैं," मुग्धा म्हणाली, जणू त्याने सगळा उलगडा होत होता.

कौशिकजींनी पेन खाली ठेवलं. "मैडम, बाहर का खाना अंदर अलाउड नहीं है।"

"खाएँगे नहीं, सिर्फ गिराएँगे।"

"गिराना तो और भी अलाउड नहीं है। हाँ, हमारी कैंटीन का पॉपकॉर्न आप गिरा सकती हैं।"

मग झुल्याचा मुद्दा निघाला. मुग्धाला चक्री हवी होती, तीच जिच्यावर तिचं बालपण फिरलं होतं. तेव्हा तिच्यावर घोडे होते, आता रॉकेटं आहेत. रॉकेटात शमिकाला बसवायचं, झुला उभाच ठेवायचा आणि बोरं टाकायची, असा तिचा साधा बेत होता. कौशिकजींना तो मान्य होईना. थांबलेल्या झुल्याचं बुकिंग होतच नाही. बुकिंग होतं ते फेरीचं. बटण दाबल्याखेरीज फेरी नोंदली जात नाही आणि बटण दाबलं की झुला फिरतो. "रुका हुआ झूला तो कुर्सी हुआ, मैडम। कुर्सी का हमारे यहाँ अलग डिपार्टमेंट है।"

शेवटी 'बर्थडे' या रकान्यात फिरत्या झुल्यावरचं बोरन्हाण नोंदवून मुग्धा घरी आली.

बातमी दुबे भाभींना जिन्यातच लागली. भाभी सल्ला देताना पायरी अडवून उभ्या राहतात, म्हणजे सल्ला संपेपर्यंत माणूस वर जाऊ शकत नाही. "झूले पे? अरे, दुपट्टे से बाँध देना बच्ची को। मेरी ननद की जेठानी का लड़का मेले में झूले पे बैठा था..." त्या मुलाचं पुढे काय झालं ते ऐकू येऊ नये म्हणून मुग्धाने पदर कानावर घेतला, पण काय झालं ते न ऐकल्याने तिला रात्रभर जास्तच काहीबाही दिसत राहिलं. "और काला फ्रॉक मत पहनाना," भाभी म्हणाल्या. "काला? बच्ची को? शुभ काम में?" आमच्यात संक्रांतीला काळंच घालतात, हे मुग्धाने त्यांना दर वर्षी समजावलं होतं, आणि भाभी दर वर्षी नव्याने हादरत.

मुग्धा आदल्या दिवशी एकटीच पार्कात जाऊन आली. एकेक रॉकेट तिने धरून हलवलं, दांडे ओढले, खाली वाकून नट पाहिले. नट कसा असावा हे तिला ठाऊक नव्हतं, पण जो होता तो तिला प्रामाणिक वाटला. झुला चालवणारा म्हणाला, "दीदी, आप इंस्पेक्शन से हैं?"

"नहीं, माँ हूँ।"

"अच्छा," तो म्हणाला आणि आदराने बाजूला झाला.

कार्याच्या दिवशी धुकं होतं. पुण्याहून नणंदेने, चारुताने, हलव्याचे दागिने पाठवले होते: मुकुट, हार, बाजूबंद, कंबरपट्टा. शमिका काळ्या फ्रॉकमध्ये, वर स्वेटर, वर हलवा, अशी थरथरत उभी होती. "आई, मला डर लागतोय," ती म्हणाली. झाशीच्या मुलांचं मराठी असंच असतं. डर हिंदीतला, पण लागतो मात्र मराठीत.

"काही नाही होत, राजा. मी आहे ना," मुग्धा म्हणाली, आणि तिने मुकुटाची गाठ पुन्हा एकदा ओढून पाहिली.

मराठी मंडळाच्या बायका दोन टेम्पोंतून आल्या. सगळ्याजणी काळ्या साड्यांत. धुक्यातून काळ्या साड्यांची ती रांग गेटाकडे सरकू लागली आणि गेटवरच्या सुरक्षारक्षक बाईंनी शिट्टी फुंकली. कौशिकजी आतून धावतच आले. टाय खांद्यावर गेला होता.

"मैडम, मैडम, किस बात का प्रदर्शन है? जो भी माँग है, ऑफिस में बैठ के बात करते हैं।"

"कौशिकजी, मी... मैं। बेर वाली।"

त्यांनी मुग्धाला ओळखलं, पण चेहरा काही फारसा उजळला नाही. मोर्चा परवडला असता असं त्यांना वाटून गेलं असावं.

मग झडती. गेटवरच्या बाईंनी बोरांच्या, चुरमुऱ्यांच्या आणि उसाच्या गंडेऱ्यांच्या पिशव्या एकेक करून बाहेरच्या बाकावर काढून ठेवल्या. त्यांचं काही चुकत नव्हतं. मग त्या शमिकासमोर उकिडव्या बसल्या आणि मुकुटाकडे निरखून पाहू लागल्या.

"ये शक्कर का है?"

"हाँ," मुग्धा म्हणाली. खोटं बोलणं तिला जमत नसे, म्हणून ती नेहमी अडचणीत येई.

"पहनने का है कि खाने का?"

"पहले पहनते हैं, फिर खाते हैं," प्रेमलाबाई मागून म्हणाल्या.

असा दागिना नियमावलीत नव्हता. कौशिकजींनी बराच विचार केला. अखेर निर्णय झाला की अंगावर आहे तोवर तो दागिना, अंगावरून उतरला की खाद्यपदार्थ. तेव्हा उतरवायचा नाही. शमिकाने तत्परतेने बाजूबंदाचा एक दाणा तोडून तोंडात टाकला, आणि सगळ्यांनी आभाळाकडे पाहिलं.

पण बोरांचं काय? बोरं बाहेर आणि मूल आत, असं बोरन्हाण होत नाही. हृषीकेश म्हणाला, "पॉपकॉर्न घेऊया ना, मी समजावतो आईला." प्रेमलाबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो टेम्पोवाल्याशी हिशोबाचं बोलायला निघून गेला.

इथे प्रेमलाबाईंविषयी एक सांगायला हवं. या कार्याला त्यांचा विरोध होता, आणि तो त्यांनी सोडलेला नव्हता. पण विरोध वेगळा आणि आपल्या नातीची बोरं गेटवर अडवली जाणं वेगळं. त्यांनी पिशवीतून हळदीकुंकवाचा करंडा काढला आणि मंडळातल्या अहिल्याबाईंना हाक मारली.

"अहिल्याबाई, पुढे या. पदर पसरा."

बाकाशेजारीच त्यांनी हळदीकुंकू मांडलं. एकेकीला हळद लावली, कुंकू लावलं, आणि ओंजळ ओंजळ बोरं, चुरमुरे, गंडेऱ्या ओटीत घातल्या. बायकांनी पदराचं टोक कमरेला खोचलं. बाकावरच्या पिशव्या रिकाम्या झाल्या आणि मंडळाच्या बायका पोटाशी एकदम गोलाकार.

गेटवरच्या बाई भांबावल्या. "ये क्या हो रहा है? सबकी गोद भराई एक साथ?"

त्यातल्या बऱ्याचजणी साठीच्या पुढच्या होत्या. कौशिकजींनी अहिल्याबाईंकडे एकदा पाहिलं आणि नजर खाली वळवली.

"ये खाना नहीं है, बेटा," प्रेमलाबाई म्हणाल्या. "ये ओटी है। भरी हुई ओटी रस्ते में खाली नहीं करते। घर जा के ही उतरती है।"

"लेकिन आंटीजी, अंदर तो..."

"तुम भी सुहागन हो ना? आओ।"

गेटवरच्या बाई पँटशर्टात होत्या, पदराचा प्रश्न आला. पण त्यांनी जरा घुटमळून टोपी काढली आणि पुढे धरली. प्रेमलाबाईंनी त्यांना कुंकू लावलं आणि टोपी बोरांनी भरली. भरलेली टोपी दोन्ही हातांत धरून उभ्या असलेल्या माणसाला कुणाची झडती घेता येत नाही. बायका आत गेल्या.

आणि मग चक्री. वर 'हॅपी बर्थडे शमिका' अशी झळाळती पट्टी, मागे चंदेरी हत्ती. शमिकाला लाल रॉकेटात बसवलं. इतर रॉकेटांत मंडळातली पोरं बसली. मुग्धाने दांडा लावला, ओढून पाहिला, पुन्हा ओढून पाहिला. मग ती उतरली आणि सवयीने सगळ्यांचं सामान घेऊन कठड्याशी उभी राहिली: पर्सा, शाली, कुणाच्या चपला. शमिका झाल्यापासून पार्कात तिची हीच जागा होती.

बटण दाबलं. झुला फिरला. शमिका पहिल्यांदा समोर आली तेव्हा अहिल्याबाईंनी ओटीत हात घालून मूठ भरली, पण मूठ उघडेपर्यंत शमिका पुढे गेली होती आणि बोरं मागच्या रॉकेटातल्या तन्वीवर पडली. पुढच्या वेळी सगळ्याजणी एकदमच टाकू लागल्या. बोरं कौशिकजींवर पडली. "ज़रा पहले छोड़िए, पहले!" ते टायवरचे चुरमुरे झटकत ओरडले, कारण आता त्यांनाही त्यातलं गणित खुणावू लागलं होतं. हळूहळू नेम बसत गेला. पोरं किंचाळत होती, बोरं झेलत होती. आणि समोरून जाताना शमिका दर फेरीला गळा काढून रडत होती.

मुग्धाने पर्सा छातीशी घट्ट धरल्या. झालं. इथेही तेच. "रोको, भैया, रोको," ती म्हणाली, पण पर्सांच्या ढिगामागून तिचा आवाज काही पोचेना. शमिका आली, रडली, गेली. आली, रडली, गेली. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. "पोर भित्री आहे हो," हे नेहमीचं वाक्य कुणीतरी हळूच म्हटलंच.

तेवढ्यात झुल्याच्या पलीकडून दुबे भाभींची हाक आली. भाभी काळं बघवत नाही म्हणून लांब, पलीकडे उभ्या राहून मोबाइलवर चित्रण करत होत्या.

"मुग्धा! अरे, रो क्यों रही है ये तुम्हारी तरफ?"

"डरती है, भाभी!"

"काहे की डरती है? इधर तो खी-खी कर रही है!"

मुग्धाला वाटलं, भाभी समजूत घालतायत. पण भाभींनी कधी कुणाची समजूत घातल्याचा इतिहास नव्हता. ती चपलांसकट झुल्याला वळसा घालून पलीकडे धावली. खाली बोरंच बोरं. पाय सटकला आणि ती, पर्सा, शाली आणि चपला असं सगळं एकत्र बसलं. कौशिकजी "मैडम, अपनी ज़िम्मेदारी पर, मैडम" असं काहीसं म्हणाले. बसल्या जागेवरून मुग्धाने वर पाहिलं. शमिका येत होती. तोंड उघडं, केसांत चुरमुरे, मुकुट कानावर, आणि ती हसत होती, अगदी आवाज करून. मग तिला मुग्धा दिसली. ओठ खाली वळले आणि तिने भोकाड पसरलं.

पुढच्या फेरीला मुग्धा मुद्दाम पुन्हा कठड्याशी गेली. शमिका कठड्याशी रडली, भाभींपाशी हसली. मुग्धा हत्तीपाशी गेली. रडणं हत्तीपाशी आलं. ती जिथे जाई तिथे रडणं तिच्या मागोमाग येई, आणि तिने सोडलेली जागा हसायला लागे. मुग्धातली बी.एस्सी. जागी झाली. एवढं स्वच्छ निरीक्षण तिला प्रयोगशाळेतही कधी मिळालं नव्हतं.

भाभींनी मोबाइल तिच्यापुढे धरला. "ये देखो, इसमें तुम भी आ गईं पीछे।"

पडद्यावर, फिरत्या झुल्यामागे, कठड्याशी एक बाई उभी होती. मान वर, भुवया जुळलेल्या, तोंड अर्धवट उघडं, छातीशी सगळ्यांच्या पर्सा घट्ट धरलेल्या. घराला आग लागल्यावर वाचलेलं सामान घेऊन माणूस उभं राहतं तसं. हा चेहरा बघून मुग्धालाच धडकी भरली. काय झालं असेल या बाईचं, असं तिला क्षणभर खरंच वाटलं.

"मी... अशी दिसते?"

"हमेशा," भाभी म्हणाल्या. लागलीच त्यांना वाटलं असावं की जास्त झालं. "वैसे साड़ी अच्छी है।"

हृषीकेश शेजारी येऊन उभा होता. त्याने चित्रण पाहिलं. "मग तू तिला दिसूच नकोस," तो म्हणाला.

मुग्धाने इकडेतिकडे पाहिलं. हत्तीमागे लपावं? कॅंटीनमध्ये बसावं? बोरन्हाणाला आई गैरहजर, हे तर मंडळात पुढच्या संक्रांतीपर्यंत पुरलं असतं. फेरी संपून झुला थांबला. लाल रॉकेटाच्या मागच्या निळ्या रॉकेटातून तन्वी बोरं वेचायला उतरली आणि ते रिकामं झालं. तिथून फक्त शमिकाची पाठ दिसणार होती, आणि शमिकाला काहीच दिसणार नव्हतं.

"आई, हे धरा जरा," ती म्हणाली आणि सगळा ढीग प्रेमलाबाईंच्या हातात देऊन निळ्या रॉकेटात जाऊन बसली. गुडघे हनुवटीला लागले. झुलेवाल्याने पाटीकडे बोट केलं. मोठ्यांसाठी काहीतरी लिहिलं होतं. कौशिकजी म्हणाले, "चलने दो, बर्थडे है।"

पहिल्या वळणालाच थंड वारा तोंडावर आला आणि मुग्धाच्या घशातून एक आवाज निघाला. तो तिने बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता, त्यामुळे आधी तिला वाटलं कुणीतरी दुसरंच ओरडलं. वरून बोरांची मूठ आली, थेट डोक्यावर. अहिल्याबाईंचा नेम आता पक्का झाला होता. मुग्धा हसायला लागली आणि तिला थांबताच येईना. पुढच्या लाल रॉकेटातून एक तिरका मुकुट वळला. शमिकाने मागे पाहिलं. आईला पाहिलं, नीट पाहिलं, डोळे बारीक करून.  मुग्धाला चेहरा काही आवरता आला नाही, तो हसतच राहिला.

"आई, तुला डर नाही लागत?"

"लागतोय ना!" मुग्धा ओरडली. "खूप!"

हे ऐकून शमिका इतकी हसली की मुकुट खाली पडला, म्हणजे नियमाप्रमाणे तो खाद्यपदार्थ झाला, आणि तन्वीने तो लगेच ताब्यात घेतला.

फेरी संपली आणि मुग्धा उतरली. शमिका पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली होती, कुणी सांगायच्या आधी. मंडळातल्या बायका बोरं वेचत होत्या आणि कौशिकजी संगणकात बोरन्हाण नावाचा रकाना घालता येईल का, हे फोनवर कुणाला तरी विचारत होते.

कठड्याशी प्रेमलाबाई उभ्या होत्या. दोन्ही दंडांवर पर्सा, खांद्यावर शाली, हातात अहिल्याबाईंच्या चपला. मान वर. नजर झुल्यावर.

"कशी दिसत होते मी?" मुग्धाने विचारलं.

"वेड्यासारखी," प्रेमलाबाई म्हणाल्या. मग जरा वेळाने, झुल्यावरची नजर न हलवता, "बसल्यावर पदर कुठे खोचतात गं?"

मुग्धाने त्यांच्याकडे पाहिलं. या घरात ती आल्यापासून, जत्रा असो, सहल असो की लग्नाची वरात, सामान धरून कोण उभं असतं हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. सामान धरलेलं दिसे. धरणारी दिसत नसे.

"बसता, आई?"

"छे! भलतंच. हे कोण धरणार?"

मुग्धाने एक पर्स काढून घेतली. मग दुसरी.  शाली गेल्या, चपला गेल्या, आणि रिकामे हात कुठे ठेवायचे ते त्यांना सुचेना. "आई," मुग्धा पुन्हा म्हणाली, "बसा ना." तेव्हा त्या हळूच शमिकामागे रांगेत जाऊन उभ्या राहिल्या, पदर कमरेला घट्ट खोचून. आणि मुग्धा त्यांना आपला चेहरा दिसू नये म्हणून झुल्याकडे पाठ करून, हत्तीकडे बघत उभी राहिली.

हे सगळं छापायला द्या म्हणताना मुग्धाने एक निरोप दिला आहे, आणि तो वाचणाऱ्या प्रत्येकासाठी आहे. तुम्ही जाल त्या पार्कात, राजदरबार असो, बर्फ असो की अंतराळ, प्रत्येक झुल्याच्या कठड्याशी एक बाई उभी असेल. सगळ्यांचं सामान तिच्याकडे असेल आणि मान वर असेल. कदाचित ती तुमच्याबरोबरच आली असेल. तेवढं बघा. तिच्याजवळ जा, बसायचंय का विचारा. ती छे म्हणेल. तिच्या हातातलं सामान आधी काढून घ्या, आणि मग पुन्हा विचारा.